डबल साहेब

त्या संध्याकाळी आम्ही तिघं गच्चीवर मटार सोलत बसलो होतो. मी, आमची ही, आणि वरच्या खोलीत भाड्यानं राहणारे साहेब. बनारसला पौषात मटार भरपूर येतो, हिला चुडा-मटार, म्हणजे पोहे-मटार, करायचा होता. साहेब दाणे दोन वाट्यांत टाकत होते, एका शेंगेचे या वाटीत, दुसरीचे त्या वाटीत. ही म्हणाली, "भावोजी, सगळं एकाच कढईत जायचंय."

"जाईल तेव्हा जाईल. तोवर वाटी लवंडली तर?"

तिनं माझ्याकडं बघून डोळे मोठे केले. मी शेंगा सोलत राहिलो.

आम्ही तिघांनी मिळून केलेलं ते शेवटचं साधं काम. त्यानंतरही साहेब महिनाभर आमच्याकडं होते, जेवत होते, पण असं बसणं पुन्हा झालं नाही. मग ते बनारस सोडून गेले. कुठं गेले ते कळलं नाही. ही मागच्या कार्तिकात वारली. म्हणून हे सगळं डोक्यात येतं, नाहीतर साहेबांची आठवण काढायचं मला काही कारण नव्हतं.

साहेब कॉम्प्युटरचे इंजिनिअर, नागपूरकडचे. मी ज्या संस्थेत वायरमन होतो तिथं ते करारावर आले होते. मी पाचवीपर्यंत शिकलेलो. दिवे, पंखे, फ्यूज बघायचो, आणि कोणी नसलं की चहा पण आणायचो. संस्थेचं काम जुन्या पोथ्यांचे फोटो काढून मशीनमध्ये ठेवायचं. आमच्या दूधविनायकच्या गल्लीत मराठी लोकांच्या घराघरात पोथ्या. कोणी वाचत नाही, कोणी टाकत पण नाही. फडताळ उघडलं की वास यायचा आणि बंद करायचं. संस्थेचे लोक आले तेव्हा सगळ्यांना बरंच वाटलं.

साहेबांचं वय पन्नाशीच्या आसपास. लग्न नाही. अंगानं वाळलेले, चालताना खांदे वर. एक घड्याळ हातात, एक खिशात. दोन्ही जुळली तर वेळ खरी. नाही जुळली तर दोन्ही खोटी, मग गल्लीत जो भेटेल त्याला थांबवून विचारायचे. चष्मे दोन. एक नाकावर, दुसरा आमच्या देवघरात गणपतीच्या मागं. ही म्हणायची, "देवाला कशाला लागलाय चष्मा?" छत्र्या दोन, एक घरी, एक चौकात पानवाल्याकडं. पाऊस नेमका मधल्या गल्लीत गाठायचा आणि साहेब भिजून यायचे.

एका जागी दोन वस्तू ठेवणं त्यांना मंजूर नव्हतं. "एका जागी दोन म्हणजे एकच," म्हणायचे. आमच्या घराची दुसरी किल्ली खुंटीवर असायची. ती त्यांनी मागून घेतली आणि राजा घाटाजवळच्या एका पुजाऱ्याकडं नेऊन ठेवली. एक दिवस ही कुलूप लावून पाणी भरायला गेली आणि किल्ली आत राहिली. पुजाऱ्याकडं माणूस धाडला तर पुजारी प्रयागला गेलेला, किल्ली त्याच्या जानव्याला. ही दिवसभर शेजारच्या ओट्यावर बसून. साहेब आले, सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "चुकलंच. तीन हव्यात."

ही हसली नाही. मी हसलो तर माझ्यावर ओरडली.

कुठलीही वस्तू दाखवली की त्यांचा एकच सवाल, "याचं दुसरं कुठंय?" तानपुरा दाखवा, पाळणा दाखवा, हाच सवाल. एकदा आमच्याकडं पाहुणे होते, त्यांच्यासमोर हिनं माझ्याकडं बोट करून सांगितलं, "भावोजी, यांची दुसरी कुठंय तेवढं मात्र विचारू नका हं." पाहुणे पोट धरून हसले. साहेब गंभीर. त्यांना ते हसण्यासारखं वाटलंच नाही.

नावेत बसायचं तर ते दोन नावा करायचे. एकीत बसायचे, दुसरी रिकामी शेजारून चालवायची. म्हणून भोसले घाटावरच्या मल्लाहांनी त्यांचं नाव डबल साहब पाडलं. "का हो डबल साहब, दूसरी में के बैठी?" असं वरून ओरडायचे.

"कोई नहीं. साथ में चलेगी."

"त बुड़बा तब हमके बुलइबा, कि ओके?"

"दोनों को," साहेब म्हणायचे. घाटावर हशा. बुडाल्यावर कोणाला हाक मारायची, या नावाड्याला की त्या दुसऱ्याला, याचा त्यांनी खरंच विचार केलेला असायचा.

मी एकदा स्पष्ट विचारलं होतं. "साहेब, तुमचं काही जळलंय का? वाहून गेलंय? चोरीला गेलंय?"

"नाही. अजून काहीच झालेलं नाही."

"मग एवढं कशाला?"

"झाल्यावर करून काय उपयोग?"



आता पोथीचं सांगतो. हिचे वडील राजा घाटावर पुराण सांगायचे. कडक माणूस, मी त्यांना घाबरून असायचो. त्यांनी गंगेवर स्वतः पदं केली होती, मराठीत. बनारसला मराठी पदं कोण ऐकणार? घाटावरच्या चार म्हाताऱ्या ऐकायच्या आणि ही. ती पदं त्यांनी एका पोथीत स्वतःच्या हातानं उतरवली होती. हिला भाऊ नव्हता, म्हणून पोथी हिच्याकडं आली. इतर पोथ्यांचं काय, तेच पुराण दहा घरी मिळेल. ही पोथी जगात एकच. पण कसर लागलेली. हातात घेतली की पापुद्रे पडायचे.

एका रविवारी मी ती संस्थेच्या कँटच्या, म्हणजे स्टेशनाकडच्या, इमारतीत नेली. संस्थेच्या दोन जागा होत्या. मोठं मशीन घाटाजवळच्या जुन्या इमारतीत, आणि छोटं मशीन तिकडं कँटला. फोटो कँटला निघायचे, मग तिथून टेपवर भरून घाटाकडच्या मोठ्या मशीनमध्ये यायचे. कँटचा बाबू माझ्या ओळखीचा. म्हणाला, "घर का काम है, कर देते हैं." चहा पीत पीत त्यानं सगळी पानं काढून दिली. चांगला माणूस. पैसेबिसे काही नाही.

मग हिनं पोथी गंगेला दिली. आमच्यात तशी रीत आहे. जीर्ण पोथी घरात ठेवायची नाही, रद्दीत द्यायची नाही, जाळायची तर नाहीच. कापडात बांधायची, हळदकुंकू वाहायचं आणि नावेतून मधल्या धारेला नेऊन सोडायची. वडिलांच्या तिथीला आम्ही गेलो. हिनं दोन्ही हातांनी सोडली, पोथी थोडी तरंगली, मग गेली. ही रडली नाही. घरी येऊन म्हणाली, "सुटले एकदाचे." गल्लीत पुष्कळांनी असंच केलं. मशीनमध्ये आहे ना, मग झालं. इतकी वर्षं कोणाला धीर होत नव्हता, तो मशीनमुळं आला.

साहेब नंतर आले. एकदा जेवताना वडिलांच्या पदांची गोष्ट निघाली. साहेब म्हणाले, "पोथी दाखवा की, वहिनी."

"ती तर सोडली."

"कुठं?"

"गंगेत. भोसले घाटासमोर."

साहेबांचा घास हातातच राहिला. "दुसरं कुठंय?"

"मशीनमध्ये."

"ते दुसरं नव्हे, वहिनी. पोथी गेली म्हणजे आता तेच पहिलं. त्याचं दुसरं कुठंय?"

साहेब उठले. ताटात भात तसाच. त्या दिवशी ते पुन्हा जेवले नाहीत. आमच्या घरात एवढं अन्न टाकून कोणी उठलेलं मला आठवत नाही.

तिथून त्यांनी संचालकांच्या मागं धोशा लावला. घाटाकडची इमारत जुनी. पूर आला की गंगा खालच्या खोल्यांत येते. मशीन वरच्या मजल्यावर होतं, पण साहेबांना मजल्यांवर भरवसा नव्हता. त्यांचं म्हणणं, मोठ्या मशीनमधलं सगळं कँटच्या मशीनमध्येही असलं पाहिजे, आणि पुढंही रोजचं रोज आपोआप गेलं पाहिजे. संचालक विद्वान माणूस. ते म्हणाले, "महत्त्व की पोथियाँ छाँट लीजिए, उतनी काफी हैं."

"छाँटना नहीं है. पूरा."

"कूड़ा-करकट भी?"

"वो भी. कौन सा कूड़ा है, ये आज नहीं पता चलता."

संचालकांनी मला चहा आणायला पाठवलं. मी परत आलो तेव्हा मंजूर झालेलं होतं. साहेबांनी काय सांगितलं माहीत नाही. बहुतेक काही सांगितलं नसेल, समोर नुसते बसून राहिले असतील. ते त्यांना चांगलं जमायचं.

दोन्ही इमारतींच्या मध्ये टेलिफोनची लाइन होती. त्या लाइनवरून सगळं पाठवायचं तर पावसाळा उजाडला असता. म्हणून ठरलं असं, कँटचं मशीन उचलून एकदा घाटाकडं आणायचं, दोन्ही शेजारी ठेवून आखूड वायरनं जोडायची, सगळं उतरवून घ्यायचं, मग मशीन परत कँटला. त्यानंतर नवे फोटो घाटाकडंच काढायचे, आणि रोज जेवढं नवं तेवढंच लाइनवरून जाईल.

मटार सोलताना हिनं हेच विचारलं होतं. "उद्या नेमकं काय करणार, भावोजी?"

साहेबांनी नीट समजावलं. तिला ते नेहमीच नीट समजावत, संचालकांनाही एवढं नाही. म्हणाले, "दुसरं मशीन आधी पूर्ण रिकामं करायचं. त्यात स्वतःचं काही राहता कामा नये. मग पहिल्याचं सगळं त्यात येतं. नावं, पासवर्ड, सगळं पहिल्याचं. पुढं त्यात कोणाला काही घालता येत नाही. फक्त बघता येतं."

हिनं शेंग सोलून दाणे त्यांच्या वाटीत टाकले. "म्हणजे आम्हा बायकांसारखंच. माहेरचं काही आणायचं नाही, नाव बदलायचं, आणि घरात जे आहे तेच दाखवायचं."

साहेब विचारात पडले. म्हणाले, "हो. बरोबर आहे."

"मला वाटलं नाही म्हणाल," ही म्हणाली, आणि खूप हसली. तिचं ते हसणं गल्लीपर्यंत ऐकू जायचं.

दुसऱ्या दिवशी मी मशीन आणायला गेलो. हिनं गोधडी दिली, त्यात गुंडाळलं. चौकापर्यंत सायकल-रिक्षा, मशीन माझ्या मांडीवर. पुढं गल्लीत रिक्षा जात नाही. दोन हमाल केले. कचोडीच्या दुकानापाशी सांड आडवा बसलेला, तो काही उठेना. साहेब मागून येत होते. सांडाला म्हणाले, "भाईसाहब, जरा." दुकानदारानं दोन कचोड्या पलीकडं फेकल्या, तेव्हा वाट मिळाली.

मशीन रिकामं करण्याआधी साहेबांनी कँटच्या बाबूला फोन लावला. एकदा नाही, तीनदा. "उसमें अपना कुछ बचा तो नहीं?"

"कुछ नहीं है साहब. सब ऊपर भेज दिया."

रजिस्टर पण बघितलं. जितक्या पोथ्यांना नंबर पडले होते तितक्या मोठ्या मशीनमध्ये बरोबर होत्या. त्यांनी एकेक ताडून बघितली. मला प्लगपाशी उभं केलं, कोणी ओढू नये म्हणून. मग त्यांनी दोन्ही घड्याळं बघितली आणि बटण दाबलं. पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरत गेली. मला वाटलं भरतंय. साहेब म्हणाले, "नाही, पुसतंय. भरणं नंतर."

भरायला बरेच दिवस लागले. साहेब तिथंच बसून असायचे, डबा मी न्यायचो. झाल्यावर त्यांनी मोठं मशीन बंद करून ठेवलं आणि छोट्यातून पोथ्या उघडून बघितल्या. सगळ्या उघडल्या. तेव्हा त्यांना हसताना मी पहिल्यांदा बघितलं. दात बरे होते त्यांचे.

घरी येऊन हिला म्हणाले, "वहिनी, उद्या ऑफिसात या. वडिलांची पोथी दोन मशीनवर दाखवतो. दोन्हीकडं."

हिनं ठेवणीतली साडी नेसली. डोक्यावरून पदर. पिशवीत हळदकुंकवाची कोयरी आणि झेंडूची फुलं. सगळ्या गल्लीत सांगून आली की वडिलांचं बघायला चाललेय. आमच्या संस्थेत तिचं पाऊल त्याआधी कधी पडलं नव्हतं. साहेबांनी तिच्यासाठी संचालकांच्या खोलीतली खुर्ची आणून ठेवली होती, गादीवाली. तिनं मशीनला हळदकुंकू लावलं. संचालक काही बोलणार होते, साहेबांनी त्यांच्याकडं बघितलं, ते गप्प झाले.

साहेबांनी हिच्या वडिलांचं नाव टाइप केलं. काही आलं नाही. पुन्हा केलं. गावाचं नाव टाकून बघितलं, पोथीचं नाव टाकून बघितलं. मग मोठं मशीन चालू केलं. त्यातही नाही. हिला काही समजलं नव्हतं. ती पडद्याकडं बघून बसली होती, हातात फुलं.

साहेबांनी कँटला फोन लावला. खोली लहान, पलीकडचं सगळं ऐकू येत होतं.

"वो नंबर वाली थोड़े थी, साहब," बाबू म्हणाला. "घर का काम था. रजिस्टर में चढ़ाते कैसे? वहीं पड़ी थी, जो मशीन आप ले गए उसमें."

"मैंने पूछा था, कुछ है क्या."

"आपने पूछा अपना कुछ है क्या. ऑफिस का तो कुछ नहीं था."

बाबू खोटं बोलत नव्हता. आमच्याकडं ऑफिसचं आणि घरचं वेगळं असतं. घरचं काम मनापासून करतात, पण ते मोजणीत धरत नाहीत. हिची पोथी मोठ्या मशीनमध्ये असणारच असं साहेबांनी धरलं होतं, मीही.

साहेबांनी फोन ठेवला. खुर्ची वळवली. बाबूचं नाव काढलं नाही, कोणाचंच काढलं नाही. म्हणाले, "वहिनी, पोथी मी पुसली."

"पुसली म्हणजे?"

"गेली."

"मग परत फोटो काढायला सांगा की त्यांना."

"कशावरून काढणार?"

मला वाटतं, तेव्हा तिच्या ध्यानात आलं. म्हणाली, "हो. मीच सोडली की." कोयरीला झाकण लावलं, पिशवीत ठेवली. मी म्हटलं, येतो तुझ्याबरोबर. ती म्हणाली, "कशाला? वाट माहीत आहे." गेली. फुलं खुर्चीवर राहिली.

संध्याकाळी तिनं रोजच्यासारखा स्वयंपाक केला. साहेब खाली येईनात. ही म्हणाली, "अहो, बोलवा त्यांना. अन्नाशी काय भांडण?" मी बोलावलं. ते आले, खाली मान घालून जेवले. पानावरून उठताना म्हणाले, "वहिनी, तुम्हाला किती पदं येतात?"

"अर्धीमुर्धी. सुरू होतात, मग मधला शब्द सापडत नाही."

"म्हणाल का?"

"आज नाही."

नंतरही नाही. भांडी घासताना पूर्वी ती त्यातलं काहीतरी गुणगुणायची, ते बंद झालं. मी विचारलं नाही. साहेब असेपर्यंत त्यांनीही पुन्हा विचारलं नाही. आता ती पदं येणारं कोणी नाही. मला चाल थोडी आठवते, शब्द एक पण नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाराची कडी काढतो तर साहेब जिन्यात उभे. अंघोळ केलेली, कोट घातलेला. म्हणाले, "ज्यांच्या ज्यांच्या पोथ्यांचे फोटो निघालेत, त्यांची घरं मला दाखवा."

"आत्ता?"

"येत्या अमावस्येला लोक सोडायला जातील. त्याआधी सांगायचंय."

मी म्हटलं, "साहेब, दारोदार जाऊन हे सांगितलंत तर संस्था तुम्हाला ठेवणार नाही."

"नाही ठेवणार," ते म्हणाले. "चला."

ही चुलीपाशी होती. तिनं ऐकलं असणार. बाहेर आली नाही.

पहिलं घर गल्लीच्या तोंडाशी, एका म्हाताऱ्या काकूंचं. काकू ओट्यावर ऊन खात बसलेल्या. साहेब माणसांशी कधी आपणहून बोलत नसत. तिथं मात्र त्यांनी चपला काढल्या, हात जोडले. म्हणाले, "काकू, तुमची पोथी घरात आहे का?"

"आहे की. बांधून ठेवलीय. अमावस्येला सोडणार."

"सोडू नका."

"का? फोटो निघालाय ना तिचा?"

"निघालाय. दोन ठिकाणी ठेवलाय. तरी सोडू नका."

"म्हणजे तुमच्या मशीनचा भरवसा नाही?"

"मशीनचा आहे. माझा नाही. माझ्या हातून एक पोथी पुसली गेली. तिची मूळ प्रत गंगेत गेलेली आहे. आता ती कुठंच नाही."

काकूंनी डोळ्यांवर हात धरून त्यांच्याकडं बघितलं. "कोणाची रे?"

साहेबांनी माझ्याकडं वळून बघितलं नाही. त्यांनी हिच्या वडिलांचं पूर्ण नाव घेतलं, स्पष्ट, शाळेत हजेरी घेताना घेतात तसं.

काकू भिंतीला धरून उठल्या, आत गेल्या आणि दार लावून घेतलं. आतून फडताळ उघडल्याचा आवाज आला.

साहेबांनी चपला घातल्या. मला म्हणाले, "पुढचं कोणतं?"

मी पुढचं दार दाखवलं.